रस्त्याकडेचा ढीग

उखाबाबाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सारंगखेड्याजवळच्या त्या गावात सगळेच म्हणत. म्हणून तर त्यानं शेतकऱ्यांची सहकारी संस्था काढली तेव्हा कोणी आडवं गेलं नाही. कापूस वेचून झाला की वाळक्या पऱ्हाट्या उपटायच्या आणि बांधावर पेटवून द्यायच्या, ही गावाची जुनी रीत. उखाबाबा जवळच्या एका कारखान्याला गावाच्या सगळ्या पऱ्हाट्या द्यायचा शब्द देऊन आला आणि म्हणाला, "जाळू नका रे भो. कारखाना तेन्ही वीज करी. धूर कसाले खातस?" गावानं ऐकलं. ढिगासाठी रस्त्याला लागून जागा हवी होती, ती सीमाच्या बांधावर मिळाली.

सीमा म्हणजे त्याच्या पुतण्याची, धीरजची, बायको. धीरज अपघातात गेला. बाप तिला माहेरी न्यायला आला, तर ही उंबऱ्यातून हलेचना. "एक साल मी कापूस करी दखाडसू. नही जमनं तर मुकाट्यानं येसू." बाप कबूल झाला. उखाबाबाला केवढा अभिमान! सून नव्हे, वाघीण आहे वाघीण, असं पारावर सांगत सुटला.

कारखान्याचे ट्रक आले, थोडा माल नेला, मग यायचेच बंद झाले. फोन केला की बॉयलर बिघडलाय, दोन-चार दिवस थांबा, एवढंच ऐकू येई. उन्हाळा सरत आला तरी ढीग तसाच. संस्थेतला नवनीत म्हणाला, "बाबा, बोंडअळी पऱ्हाट्यास्मा लपी ऱ्हास. पेरणीआधी काडी लावूत." सीमाही विचारायला आली, "काका, ढीग जाळी टाकू का?"

"थांब ना पोरी. मी त्यास्ले शब्द देयेल शे."

आता काय म्हणावं या माणसाला! शब्द मोडला असता तर कारखान्याचं काय वाकडं होणार होतं? पण नाही. काकांनी थांब म्हटलं, सीमा थांबली.

दिवाळीच्या सुमारास उखाबाबानं तिच्या शेतातलं एक बोंड फोडलं. आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, त्यातही तेच. ढिगाला लागून असलेलं तिचं वावर तर पुरतं किडलं होतं. बाकीच्यांचाही कापूस गेला, पण त्यांच्याकडे केळी होती, ऊस होता. हिच्याकडे कापूसच होता.

कोणी त्याला एका शब्दानं बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. त्याला भाकर गोड लागेना.

बाप न्यायला आला. सीमानं पिशवी भरली, आणि मग सरळ शेतात जाऊन पऱ्हाट्या उपटायला लागली. उखाबाबा धापा टाकत पोचला. "ऱ्हाऊ दे वं, मी उपटसू."

"नको काका. वावर साफ करीसनच जासू."

बाप बांधावर मान खाली घालून बसला होता. शेवटची मोळी डोक्यावर घेऊन ती जुन्या ढिगापाशी आली आणि नेहमीसारखंच विचारलं, "काका, ह्या कोठे टाकू?"

उखाबाबाचा बांध फुटला. धोतराचा सोगा तोंडात कोंबून तो म्हातारा ढसाढसा रडला. "मन्हं ऐकू नको वं पोरी. आते तरी ऐकू नको."

ती मोळी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली, काका सांगतील म्हणून.