गुंडाळीच्या तळाशी चिखल

मी पट्टा बोलतोय. गाडीत बसल्यावर छातीवरून आडवा घेता ना, तोच. चालकाच्या शेजारच्या सीटचा. माझा निम्मा भाग तुम्ही रोज बघता. उरलेला दाराजवळच्या खांबात गुंडाळलेला असतो. माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

मी मूळचा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियानाचा. एका वादळात तिथे पाणी सीटच्या वर आलं आणि गाडीतच साचून राहिलं. नंतर कुणीतरी गाडी धुतली, नवे गालिचे घातले, वास जाईपर्यंत उन्हात ठेवली आणि उत्तरेला विकून टाकली. माझ्या गुंडाळीच्या तळाशी मात्र चिखलाची तपकिरी रेघ राहिली, कारण तिथवर मला कुणी ओढलंच नाही.

उत्तरेकडच्या मिनेसोटात आर्डिस टोलेफ्सन ही गाडी लीजवर, म्हणजे महिन्याच्या भाड्याने, घ्यायला आली. तिच्या नवऱ्याच्या, ऑर्विनच्या, किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिससाठी बेमिजी गावातल्या दवाखान्यात न्यायचं, रस्ता लांबचा आणि हिवाळा जीवघेणा. वाटेत बंद पडणारी गाडी नकोच, म्हणून तिने भावाला, लाईलला, सोबत आणलं होतं.

त्याच्यासारखी तपासणी मी दुसरी पाहिली नाही. बर्फात उताणा झोपून तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. गंजाची भोकं बुजवायला रंगाखाली पुट्टी भरली आहे का ते लोहचुंबक फिरवून पाहिलं. बॅटरी, हीटर, ब्रेक, काही सोडलं नाही. तिकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्या खालून सडतात, त्यामुळे त्याला सगळी धास्ती गंजाची. पुराची शंका त्याच्या मनालाही शिवली नाही.

"दक्षिणेची आहे गं, मिठाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही हिने," तो म्हणाला. "वाईट नाही."

त्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी कुणी कुणाला देत नाही.

ओढ रे बाबा मला, शेवटपर्यंत ओढ, असं मी मनात ओरडत होतो. ऑर्विन येऊन बसला तेव्हा थोडी आशा वाटली.

"पूर्वी हा पट्टा मला पुरला नसता," तो हसून म्हणाला. "आता माझ्यासारखे दोघं मावतील."

आजाराने त्याला पार वाळवलं होतं. त्याने मला हातभर ओढून अडकवलं आणि आर्डिसने सही केली.

जानेवारीत बर्फाच्या वादळामुळे त्याचं एक डायलिसिस चुकलं. पुढच्या वेळी जाणं भागच होतं. अर्ध्या वाटेत गाडीचे सगळे दिवे एकदम गेले आणि इंजिन बंद पडलं. पुराच्या पाण्याने तारांचे जोड आतून कधीचेच कुजले होते. आर्डिस गाडी सुरू करायचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिली. फोन लागला, पण मदत यायला फार वेळ गेला.

"राहू दे गं आता," ऑर्विन म्हणाला. "हात गारठले तुझे."

मग त्याचा सगळा भार माझ्यावर आला. मी त्याला धरून ठेवलं. मला तेवढंच येतं.

ऑर्विन गेल्यापासून गाडी लाईलच्या अंगणात उभी आहे. परवा तो ऑर्विनच्या जागी येऊन बसला आणि मला ओढत गेला, अगदी शेवटपर्यंत. वाळलेला चिखल त्याच्या मांडीवर पडला. त्याने तो अंगठ्याने चोळून पाहिला. तेवढ्यात आर्डिस खिडकीशी आली.

"काही सापडलं का रे?"

"नाही," तो म्हणाला, आणि मला सोडून दिलं. मी चिखलासकट परत आत गेलो.

तुम्ही कधी गाडी घ्यायला गेलात तर मला शेवटपर्यंत ओढून बघा. आमच्याकडे तेवढंच राहून गेलं.