खवल्यांचे मासे

अयालाने टोपलीतले मासे पत्र्यावर ओतले आणि ती एकेक उचलून बाजूला ठेवू लागली. बोय. पुन्हा बोय. एक लहानसा जिताडा. प्रत्येकाच्या अंगावर ओले, दाट खवले. चिखलाच्या तळाशी राहणारे असे त्यात काहीच नव्हते. गेल्या खेपेलाही नव्हते. त्याआधीच्या खेपेलाही नाही.

"बघतेस काय एवढं?" कृष्णाबाईने विचारले. "मासेच हायेत. नोटा नाय, की खोट्या निघतील."

"मावशी, जाळ्यात एवढंच लागलं?"

"मंग? येवढं काय कमी हाय?"

पनवेलच्या कोळीवाड्यातले ते अंगण थेट खाडीकडे उतरत होते. समोर विमानतळाच्या भरावाने पाण्याची एक कड गिळली होती आणि उतरणारी विमाने इतकी खाली येत की बोलणे मध्येच थांबवावे लागे. त्याहून दूर, खाडी समुद्राला मिळते त्या बाजूला, अणुप्रकल्प होता. इथून तो दिसत नसे. कोळीवाड्यात त्याचे नावही कुणी घेत नसे. नुसते 'पलीकडचं' म्हणत, आजाऱ्याच्या उशाशी दुखण्याचे नाव टाळावे तसे. तिथले सांडपाणी भरतीबरोबर इथवर येते का, आले तर त्यात काय असते, कुणालाच ठाऊक नव्हते. पाण्याला जो वास होता तो कारखान्यांचा होता. ज्याची भीती होती त्याला वासही नव्हता आणि रंगही नव्हता.

अयाला शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. काही नागरिकांनी मिळून खाडीतल्या मासळीची किरणोत्सर्गासाठी तपासणी करायचे ठरवले, तेव्हा नमुने गोळा करण्याचे काम तिने अंगावर घेतले होते. कृष्णाबाई तिच्या लहानपणापासून त्यांच्या दारी मासे आणणारी. तिलाच तिने सांगितले होते, घरात तुम्ही जे खाता तेच मला द्या. अहवाल दर वेळी चांगला आला होता. मर्यादेच्या आत.

"ताई," मागच्या दारातून किशोरीने विचारले, "या टायमालाबी चांगलाच येल ना?"

किशोरी कृष्णाबाईची सून. सातवा महिना चालू होता. आधीचे मूल पोटातच गेले होते. डॉक्टरांनी कारण सांगितले नाही, म्हणून घरातल्या प्रत्येकाने आपापले कारण शोधले. किशोरीचे कारण खाडी होती. कितीतरी महिने तिने खाडीचा घास तोंडात घेतला नव्हता. पहिला अहवाल हातात आला तेव्हा अयालानेच तिच्यासमोर बसून सांगितले होते, खा, काही नाही त्यात.

"येईल," अयाला म्हणाली आणि मागे वळली.

तिची नजर पोचायच्या आत किशोरीने पुढ्यातल्या टोपावर ताट ओढले. घाईने, ताट कडेला आपटून वाजले. टोपात काय आहे ते अयालाला दिसले नाही. मात्र न्हाणीच्या मोरीपाशी तिला शिंपल्यांचा ढीग दिसला. ओले, आतून जांभळट, ताजे फोडलेले.

"शिवल्या मिळतात खाडीत?"

"पयल्यासारख्या कुठं गो आता," कृष्णाबाई म्हणाली आणि पदराने हात पुसत राहिली, हात कोरडे झाले तरी.

दोरीवर एक नवी निळी पँट वाळत होती. कृष्णाबाईचा मुलगा कमलाकर नुकताच पलीकडे ठेकेदाराकडे कामाला लागला होता. अयालाने पँटकडे पाहिले, मग शिंपल्यांकडे, आणि मासे पिशवीत भरले. परतताना रिक्षात वाटभर ती पिशवी तिने मांडीवर न घेता पायांशी ठेवली.

घरी आल्यावर तिने पिशवी नेहमीप्रमाणे फ्रीजमध्ये ठेवली. नमुने सकाळी मुंबईच्या प्रयोगशाळेत जायचे. तोवर त्यांचा मुक्काम इथेच असे. मोशे, तिचे वडील, शुक्रवारी सांजेला सुरू होणाऱ्या शब्बाथच्या, ज्यूंच्या विश्रांतिदिवसाच्या, तयारीत होते. आई गेल्यापासून शुक्रवारचा स्वयंपाक तेच करत.

"बाबा, कृष्णामावशी मला निवडून मासे देते."

"चांगले देते. मला तर ती उरलेले देते आणि वर ऐकवते."

"थट्टा नाही. तळातलं काहीच देत नाही. शिवल्या नाहीत, चिंबोरी नाही, शिंगाळा नाही. मी अहवालात लिहून बसले की शिंपले आता या भागात उपलब्ध नाहीत. आज मोरीवर ढीग पाहिला. आणि कमलाकर पलीकडे नोकरीला लागलाय."

मोशे नारळ खवायचे थांबले. "तुला म्हणायचंय, तिला हे पलीकडच्या कुणी शिकवलं?"

"मला काही म्हणायचं नाही. मला दिसतंय ते सांगते."

"ती बाई आपल्याला कधी वाईट मासा देणार नाही, अयाला."

"तेच तर," ती म्हणाली. आणि जेवताना, वाढलेल्या बोयीचा काटा काढता काढता, आपण या घरात लहानाच्या मोठ्या झालो आणि आपल्या तोंडाला शिवलीची चव ठाऊकच नाही, हे तिला उगाचच आठवले. आपल्या ताटात जे कधीच नव्हते त्याचे नसणे आपल्याला टोपलीतही इतके दिवस खटकले नाही. तिने तो विचार बाजूला सारला. संशयाला एक चेहरा लागतो, आणि तिच्या संशयाला कमलाकरचा मिळाला होता. दुसरा शोधायची त्याला गरज नव्हती.

पुढच्या मोठ्या ओहोटीला ती न कळवता गेली. कोळीवाड्याच्या टोकाला चिखलावर ओढून ठेवलेली होडी होती. तिच्या आडोशाला ती उभी राहिली. आपण उभ्या आहोत त्या जागेची तिला लाज वाटली, पण ती हलली नाही.

कृष्णाबाई गुडघाभर चिखलातून वर आली. टोपली अंगणात उतरवून तिने फतकल मारली आणि निवडायला बसली. शिवल्या उजवीकडे. दोन चिंबोऱ्या, नांग्या बांधून, उजवीकडे. शिंगाळा तिने शेपटीला धरून उचलला, गुळगुळीत अंगावरून अंगठा फिरवला आणि तोही उजवीकडे टाकला. डावीकडे फक्त बोय. त्या तिने स्वच्छ पाण्याने धुतल्या. नंतर हात धुतले आणि मगच त्या वेगळ्या टोपलीत ठेवल्या.

अयाला होडीमागून बाहेर आली.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे काढायला?"

कृष्णाबाई दचकली. "आगो, केवढ्यानं! जीव गेला असता माजा."

"कुणी सांगितलं, मावशी? कमलाकरच्या ठेकेदाराने?"

"ठेकेदार?" कृष्णाबाईने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिला ताप चढला असावा. "त्या मुडद्याला बोय नि शिंगाळा वळखता येल तरी का? तुज्या आयशीनं सांगितलं."

"माझ्या आईने?"

"तू लहान व्हतीस. मी नवीन व्हते धंद्यात. एक दिस टोपलीत चिंबोऱ्या घेऊन तुमच्या घरात शिरले, थेट सैपाकघरात. तुजी आय काय बोलली नाय. मला चा पाजला, मंग समजावलं, कृष्णे, ज्याला पर नि खवलं तेवढंच आमच्यात चालतं. मी गेल्यावर तिनं लादी धुतली, ते मी जिन्यातून ऐकलं. तवापासून बिनखवल्याचं काय तुमच्या उंबऱ्याच्या आत नेलं नाय."

"पण हे आमच्या खाण्यासाठी नव्हतं. तपासायला होतं."

"पिशवी रातभर कुठं असते? तूच बोललीस, फ्रीजात. मोशेभाऊच्या फ्रीजात मी चिंबोरी धाडू?" ती हसली. "तू आलीस की टोप झाकायला मीच सांगते किशोरीला. तुमाला किळस नको."

अयाला हसली नाही. तिने खाली बसून उजवीकडच्या टोपलीत हात घातला. शिवल्या गार होत्या आणि त्यांच्या बारीक रेषांत काळा चिखल भरला होता.

"पलीकडून काही आलंच असेल, तर ते आधी चिखलात बसतं," ती सावकाश म्हणाली. "आणि चिखलातलं आधी यांच्या पोटात जातं. आलंय असं मी म्हणत नाही. पण पाहायला हवं होतं ते इथे. आम्ही ते कधी पाहिलंच नाही."

कृष्णाबाईचे हसू लगेच गेले नाही. ते चेहऱ्यावर राहिले, फक्त त्याच्या मागे कुणी उरले नाही.

मागच्या दारात किशोरी उभी होती. तिने सगळे ऐकले होते. आत चुलीवर टोप होता आणि ओल्या खोबऱ्यात शिजणाऱ्या शिवल्यांचा वास अंगणात येत होता.

"आता कधी कळंल?" तिने विचारले.

"दोन आठवडे लागतील."

"तवर?"

वरून विमान गेले. त्या आवाजाने अयालाची काही क्षणांपुरती सुटका केली. मग तोही संपला.

कृष्णाबाई उठली. शिवल्या, चिंबोऱ्या, शिंगाळा, सगळे तिने अयालाच्या पिशवीत ओतले. मग बोयींची टोपली उचलून ती सुनेपाशी गेली.

"ह्या तरी तपासलेल्या हायेत ना गो?"

"हो."

"घे. तू ह्या खा."

किशोरीने टोपली घेतली नाही. पोटावर दोन्ही हात ठेवून ती अयालाकडे पाहत राहिली. रागाने नव्हे, अनोळखी फेरीवाल्याच्या मालाकडे पाहावे तशी.

"कोनी तपासल्या?" तिने विचारले.