चष्मा सारखा करण्यापुरता वेळ

गिअर पुढे जायच्या 'डी'वर टाकायचा, नाकावर घसरलेला चष्मा सारखा करायचा, आणि मग कुठे गाडी धक्का देऊन निघायची. वहिनींना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही बिघाड आहे हेच त्या विसरून गेल्या होत्या. नवराही तसाच. गिअर पडल्याचा खट् आवाज आला की मग तो सावकाश घराचं फाटक उघडायला हात न्यायचा.

पण काल चौकात वळताना चष्मा सारखा करून झाला तरी गाडी हलेना. इंजिन नुसतं घोंघावत होतं, चाकं जागच्या जागी, आणि समोरून बस. बसवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

"पुरे झालं आता. विकून टाकू," घरी आल्यावर नवरा म्हणाला.

वहिनींचा डावा पाय लहानपणीच्या आजारात लुळा पडलेला. क्लच दाबायचा तर कोणी? या ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नव्हतं, म्हणून शिवणाची मापं घ्यायला, कपडे पोचवायला त्या एकट्या गावभर हिंडत. गाडी गेली की पुन्हा खिडकीत बसून 'मला कोण सोडेल?' म्हणत वाट बघणं आलं.

दीर गॅरेजवाला. सकाळीच गाडी त्याच्या शेडमध्ये उभी राहिली.

"भावजी, खरं सांगा. संपली का हो ही?"

"वहिनी, अजून बॉनेट उघडलं नाही. मला ज्योतिष येत नाही. गिअरबॉक्सचं तेल बघता ना?"

"रोज सकाळी काडी काढून बघते. खुणेपर्यंत भरलेलं आहे."

वहिनींचे वडील ट्रक चालवायचे. इंजिन बंद आणि थंड असल्याशिवाय तेलाच्या काडीला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. तो लेकीने जन्मभर पाळला. आणि वहिनींच्या शब्दावर घरात कोणी शंका घेत नसे. भावजींनीही घेतली नाही, तिथेच सगळे फसले.

भावजींनी तेलाचा दाब दाखवणारं मीटर नळीने जोडलं. गिअर डीवर पडला तरी काटा उठेना. लटपटला, पडला, मग एकदम उसळला, आणि त्याच क्षणी गाडीने तो ओळखीचा धक्का दिला.

"पंप हवा गिळतोय," भावजी आठ्या घालून म्हणाले. "तेल कमी असलं की करतो तसं. पण तेल तर भरलेलं आहे."

"म्हणजे मी काय खोटं बोलते?" वहिनी फणकारल्या आणि तशाच थबकल्या. शिलाई मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचललेला असताना दोरा कितीही ओढून बघा, ताण कळत नाही. पाय कापडावर टेकला की मगच कळतो. शिकायला येणाऱ्या पोरींना हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता.

"भावजी, हे तेल इंजिन चालू ठेवून बघायचं असतं का हो?"

भावजी गर्रकन वळले. "तुम्ही बंद गाडीत बघत होतात?"

"माझ्या वडिलांनी..."

"ते इंजिनाच्या तेलाचं, वहिनी! या गाडीत गिअरबॉक्सचं उलटं!" मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "आणि मी गाढव, विचारलंसुद्धा नाही."

गाडी गरम केली, सगळे गिअर फिरवून आणले आणि इंजिन चालू ठेवूनच वहिनींनी काडी ओढली. सकाळी खुणेपर्यंत ओली असलेली काडी आता जवळजवळ कोरडी. जेमतेम टोकाला लाल तेल.

"गेलं कुठं?" वहिनींचा आवाज आपोआप खाली आला.

"वर. इंजिन जागं झालं की पंप तेल उचलतो, आतल्या वाटा भरून टाकतो. बंद केलं की निथळून खाली येतं. म्हणून तुम्हाला रोज भरलेलं दिसायचं." भावजींनी काडी हुंगली. "जळका वास नाही. म्हणजे आतल्या गिअर धरणाऱ्या प्लेटा शाबूत असाव्यात."

फिल्टर बदलायला त्यांनी खालचं भांडं उतरवलं आणि गाडी लिफ्टवर असतानाच वहिनींना खाली बोलावलं. वहिनींनी वर मान करून बघितलं. धातूच्या पाटात कोरलेल्या चिंचोळ्या वाटा, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, मध्ये बोटाएवढ्या खिट्ट्या.

"यातून तेल धावतं," भावजी म्हणाले. "कुठला गिअर कधी धरायचा, ते तेलाच्या दाबानेच ठरतं."

"आणि गाडीला ढकलतं कोण?"

"इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेतं तेही तेलच."

वहिनींच्या अंगावर काटा आला. एवढंसं पातळ तेल, त्याला ना हाड ना आकार, आणि ते एवढं धूड चालवतं! आपण रोज यावर बसून कपड्यांची गाठोडी वाहिली आणि आत काय चाललंय ते कधी विचारलंही नाही. त्यांची नजर स्वतःच्या डाव्या पायाकडे गेली. आज पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

तेल थंड करायला नेणाऱ्या नळीच्या सांध्यावर चिकट धूळ साचली होती. तिथलं रबर कडक होऊन चिरलं होतं, थेंब थेंब तेल तिथूनच जात होतं. नवं रबर, नवा फिल्टर, नवं तेल. शेवटी चालू इंजिनावर काडी पुन्हा काढली, ती वहिनींनीच. बरोबर खुणेपर्यंत.

एवढ्यात नवरा येऊन शेडच्या फाटकाशी उभा राहिला. एक झडप उघडी, दुसरी बंद, चेहरा पडलेला.

"पाय ब्रेकवर ठेवा," भावजींनी बजावलं.

वहिनींनी गिअर डीवर टाकला. सवयीने हात चष्म्याकडे निघाला आणि वाटेतच थांबला. ब्रेकवरच्या पायाखाली गाडी तेवढ्यात पुढे ओढ घेऊ लागली होती. धक्का नाही, उशीर नाही. वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी ब्रेक हळूच सैल केला.

"अगं थांब, फाटक तरी उघडू दे!" नवरा टुणकन उडी मारून बाजूला झाला.

"उघडा ना मग लवकर," वहिनी म्हणाल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला.