जुलैतली मोकळी जागा

सेलेस्टिनला कुणी अडाणी म्हटलं तर ती हसून सोडून द्यायची, पण तिच्या जागेला कुणी मोकळी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. आणि शहराच्या नव्या विकास आराखड्यात नेमकं तेच झालं होतं. उत्तनच्या किनाऱ्यालगत, जिथे तिच्या सासूच्या सासूपासून बोंबील सुकत आले होते, तिथे एक निळा चौकोन काढून आत 'वाहनतळ' लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं, सध्याचा वापर: मोकळी जागा.

"मोकळी?" ती पालिकेत लावलेल्या नकाशासमोर एवढ्या मोठ्याने म्हणाली की रांगेतल्या चार जणांनी वळून पाहिलं.

ऑक्टोबर ते मे त्या जागेवर वलांड्या उभ्या असतात. म्हणजे पुरुषभर उंच बांबू, आणि त्यांना आडव्या ताणलेल्या दोऱ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगायचे, तीन-चार दिवस ऊन-वारा द्यायचा, की झाला सुका बोंबील. नवरा दर्यात गेला तो परत आला नाही. त्यानंतरची बावीस वर्षं सेलेस्टिनचं घर या दोऱ्यांवरच तगलं होतं. मुलीचं, ॲन्ड्रियाचं नर्सिंगही त्यावरच झालं. जागा गेली तर तिच्याकडे बांबू उरणार होते आणि ते रोवायला जमीन उरणार नव्हती.

गावाने एकत्र हरकत नोंदवली होती, बाराशे सह्यांची. तिचा दीर बॉस्को खूश होता. "वयनी, काम झाला. येवढ्या सह्या बघून सायेब घाबरंल."

साहेब काही घाबरले नाहीत. सेलेस्टिन पालिकेच्या आवक खिडकीवर जाऊन आली तेव्हा तिला कळलं की बाराशे सह्यांचा अर्ज नोंदवहीत एकाच क्रमांकाने चढलाय. माणसं बाराशे, क्रमांक एक, सुनावणीला वेळ पाच मिनिटं. त्यातली चार मिनिटं गावचे पुढारी नमस्कार-चमत्कारात घालवणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. तिने घरी येऊन वहीच्या कागदावर स्वतःचा अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी परत खिडकी गाठली.

खिडकीत सुभाष नावाचे लिपिक बसायचे. मूळचे रत्नागिरीचे, स्वभावाने वाईट नाहीत, पण खुर्चीला चिकटलेले. "आंटी, तुमच्या गावची हरकत आलीये ना ऑलरेडी? मग परत कशाला?"

"ती गावची. ही माझी."

"बरं, ठेवून जा."

"पोच द्या."

"उद्या या. शिक्का साहेबांच्या कपाटात आहे आणि साहेब जेवायला गेलेत."

"मग मी पण जेवून घेते," म्हणत सेलेस्टिन तिथल्याच बाकावर बसली आणि तिने पिशवीतून डबा काढला. डब्यात तांदळाची भाकरी होती आणि सुक्या बोंबलाची लसणीतली चटणी. सरकारी पंख्याखाली तो वास किती झपाट्याने फिरतो, ते त्या दिवशी अख्ख्या मजल्याने अनुभवलं. तिसऱ्या घासाला शिक्का सुभाषच्याच खणात सापडला. हरकत क्रमांक चारशे सतरा. तिने पोच घडी करून आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली.

सुनावणी मेच्या मध्यावर निघाली. टेबलापलीकडे नगररचनेचे साहेब होते आणि बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेली क्षितिजा नावाची तरुण अभियंता. साहेब सभ्यपणे बोलत होते. सभ्य माणसाशी भांडणं जास्त कठीण असतं.

"मावशी, सर्वे एजन्सीने फोटो काढलाय. बघा तुम्हीच," साहेबांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर करडं आभाळ, ओली वाळू आणि एक कुत्रा.

सेलेस्टिन वाकून बघत राहिली. "तारीख काय हाय याची?"

क्षितिजाने बघितलं. "चौदा जुलै."

"जुलै!" सेलेस्टिनने कपाळाला हात लावला. "साहेब, जुलैत मासेमारी बंद. ऊन न्हाय. वारा बांबू उपटून नेतो. मे संपला की आमी सगळं उतरवून घरात ठेवतो. शाळेचा फोटो तुमी दिवाळीच्या सुट्टीत काढला, तर शाळा बंद पडली असं लिहिणार काय?"

क्षितिजा खाली बघून हसली. साहेब हसले नाहीत. सेलेस्टिनने मोबाईलमधले फोटो दाखवले, तर ते म्हणाले की फोटो कुठल्याही किनाऱ्याचा असू शकतो, त्यापेक्षा प्रत्यक्ष पाहणी लावू.

"आज चला. वलांड्या उभ्या हायत."

साहेबांनी तारखा चाळल्या. मे भरलेला होता आणि जूनमध्ये दुसऱ्या प्रभागांच्या पाहण्या होत्या. "तीन जुलै, सकाळी अकरा. त्याआधी जमत नाही."

पुन्हा जुलै! रडावं की टेबल उलथावं, हे तिला क्षणभर कळेना. मग तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "जुलै तर जुलै. लेखी द्या. आणि त्या दिवशी वलांड्या दिसतील तुमाला."

मे संपला. गावाने दोऱ्या गुंडाळल्या, बांबू उपटून घराघरांच्या पडव्यांत नेऊन टाकले. सेलेस्टिनच्या अकरा वलांड्या तेवढ्या उभ्या राहिल्या. बॉस्कोने तिला समजावून पाहिलं. "वयनी, येडी झालीस काय? बांबू मोडंल, दोर कुजंल. नवीन कुठून आणशील?"

"कुजू दे. पण त्या बाईसमोर मी शब्द दिलाय."

"कुठल्या बाईसमोर?"

"लॅपटॉपवाल्या. ती हसली व्हती."

गावाला आयता विषय मिळाला. यंदा सेलेस्टिन पाऊस सुकवणार, असं नाक्यावरची पोरं म्हणू लागली. ती रोज सकाळी छत्री काखेत मारून जायची, ढिल्या गाठी आवळायची, कलता बांबू सरळ करायची आणि भिजून परत यायची. जून तिने असा काढला. अंगात ताप असतानाही दोन दिवस गेली.

आणि दोन जुलैच्या रात्री वादळ आलं. सकाळी ती पोचली तेव्हा अकराच्या अकरा वलांड्या भुईसपाट होत्या. काही बांबू मधोमध चिरले होते, काही ओढ्याकाठी जाऊन पडले होते. जागा अगदी फोटोतल्यासारखी दिसत होती, कुत्र्यासकट.

सेलेस्टिन ओल्या वाळूत बसली आणि रडली. नवरा गेला तेव्हा लोकांसमोर रडली नव्हती, ती त्या दिवशी मागोमाग आलेल्या बॉस्कोसमोर ढसाढसा रडली. अकराला एक तास बाकी होता.

रडून झाल्यावर ती उठायला लागली आणि तिचा हात एका खड्ड्यात गेला. बांबू उपटला गेला होता तिथला तो खड्डा. कोपरभर खोल, आतून दगडांनी बांधलेला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. असा खड्डा प्रत्येक बांबूला होता. दर वर्षी नव्याने खणायला नको म्हणून जुन्या माणसांनी ते बांधून ठेवले होते आणि मे संपला की त्यांच्या तोंडावर सपाट दगड ठेवून वर वाळू ओढायची रीत होती. रोज ज्यावरून चालतो त्याला पुरावा म्हणावं, हे तिला आजवर सुचलंच नव्हतं.

"बॉस्को, पहार आण," ती म्हणाली. "आणि एक धड बांबू."

अकराला पालिकेची जीप आली. साहेबांनी पाहणीला पाठवलेली क्षितिजा रेनकोट सावरत उतरली, तिने चारी बाजूंना पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "आंटी, सॉरी, पण इथे तर काहीच नाहीये."

"हाय. तुमी उभ्या हाय तेच्याखाली हाय. तुमीच सांगा, कुठं बघायचा?"

क्षितिजाने संशयाने लांब, ओढ्याच्या बाजूला बोट दाखवलं. सेलेस्टिन आपल्या उघड्या खड्ड्यावर जाऊन उभी राहिली, त्या दिशेने तोंड केलं आणि चालू लागली. सात पावलं टाकली की थांबायची, पहार आपटायची, ठण्ण आवाज यायचा, पुढची सात पावलं. सासूने शिकवलेलं माप होतं ते. ओढ्याजवळ पोचल्यावर तिने वाळू बाजूला केली, पहारीने दगड उचकटला. खाली गोल, बांधीव खड्डा. तिने बांबू आत सोडला. तो हात न लावता उभा राहिला.

क्षितिजा गुडघ्यावर बसली. खड्ड्यात हात घालून तिने आतले दगड चाचपले. मग टेप काढली आणि एका खड्ड्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजायला लागली. पहिलं अंतर, दुसरं, तिसरं. सगळी सारखी.

गावात बातमी जायला असा किती वेळ लागतो? बॉस्को ओरडत गेला होताच. पडव्यांतून बांबू बाहेर आले, नाक्यावर टिंगल करणारी पोरंही खांद्यावर बांबू घेऊन आली, आणि जो तो आपापल्या घराचा खड्डा शोधून बांबू रोवायला लागला. बारा वाजता धो धो पावसात अख्खी जागा उभी होती.

"आता काढा फोटो," सेलेस्टिन म्हणाली. "तारखेसकट."

क्षितिजाने फोटो काढला आणि जीपच्या बॉनेटवर छत्री धरून पंचनामा लिहिला. सध्याचा वापर: मासळी वाळवण. पिढीजात खड्डे, मोजलेले चौऱ्याण्णव. सेलेस्टिनने तो मोठ्याने वाचून घेतला, दोनदा.

"पोच?"

"आंटी, शिक्का ऑफिसमध्ये आहे."

"मग चला," म्हणत सेलेस्टिन तशीच निथळत जीपमध्ये जाऊन बसली.

साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. तोच किनारा, तोच महिना. मग पेन उघडलं, 'मोकळी जागा' वर स्वतःच्या हाताने काट मारली आणि समितीसाठी खाली लिहिलं, वाहनतळाचं आरक्षण वगळावं. सही करून कागद तिच्याकडे देताना ते उठून उभे राहिले.

सेलेस्टिन कागद घेऊन आवक खिडकीवर आली. सुभाषनी मान वर केली. समोर नखशिखांत भिजलेली सेलेस्टिन, पायांना वाळू, एका हातात कागद आणि काखेत तीच डब्याची पिशवी. ती काही बोलायच्या आत त्यांनी खण उघडून शिक्का काढला होता.