नंदा मागच्या ओळीत

चित्र जसजसं स्वच्छ होत गेलं, तसतशी नंदा एकेक ओळ मागं सरकत गेली.

मूळ कॅसेटमध्ये ती बायकांच्या अगदी पहिल्या ओळीत होती. म्हणजे तिथं एक हिरवा डाग होता, आणि तो डाग आपली बायको आहे हे बाळकृष्ण ठोसरांना ठाऊक होतं. मारुतीच्या देवळातलं आठल्येबुवांचं कीर्तन, उत्सवातलं. चित्रभर मुंग्या, बुवांचा फेटाही थरथरणारा. नंदाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तिचे फोटो होते, पण हलणारी नंदा जगात एवढी एकच. म्हणून ठोसरांनी कॅसेट पंच्यात गुंडाळून मेधा हर्डीकरच्या दुकानात आणली आणि म्हणाले, "डीव्हीडी करायची. पण चेहरा दिसला पाहिजे."

मेधानं फितीवरची बुरशी हलक्या हातानं पुसली, मशीनचं हेड स्पिरिटनं साफ केलं आणि कॅसेट लावली. बऱ्याच मुंग्या गेल्या. डागाच्या जागी फरशी दिसू लागली, आणि नंदा तिसऱ्या ओळीत.

"ही इथं नव्हती," ठोसर म्हणाले.

"काका, बायको मागं सरकली त्याला मशीन काय करणार? घरी काय पुढं बसायच्या?"

"घरी ती कधी बसलीच नाही."

मेधा पुन्हा मशीनकडे वळली. तिनं रंग जुळवले. साड्या ओळखू येऊ लागल्या, समईच्या वाती सुट्या झाल्या. नंदा खांबाशेजारी गेली, शेवटच्या ओळीत.

कॅसेटला घाई चालत नाही. जेवढं कीर्तन तेवढा वेळ ते चालू द्यावं लागतं, तेव्हा ते डीव्हीडीवर उतरतं. त्यामुळे दोघं बसून होती. गेलेल्या मुंग्या मशीनच्या फटीतून काळ्या भुकटीसारख्या टेबलावर पडत होत्या. मेधा ती फडक्यानं झटकणार, तोच ठोसरांना वास आला. बुक्का होता. बुक्का झटकायचा कसा? त्यांनी चिमूटभर कपाळाला लावला आणि हात पुढं केला. मेधानंही कपाळ पुढं केलं.

लग्नाची कॅसेट घेऊन दीक्षितबाई आल्या. पडद्यावर बुवा नमन संपवून निरूपणाला लागले होते. बाईंनी बुक्का लावून घेतला, पदर सावरला आणि खाली बसल्या. मग बारशाची कॅसेट घेऊन कुणी आलं, मुंजीची घेऊन कुणी. सगळे बसत गेले, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. दुकान एवढंसं, पण माणूस टेकलं की त्याच्यामागं आणखी एका माणसापुरती जागा होई. मध्येच उठायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. रंगलेल्या कीर्तनातून कोण उठतं?

"भिंतीवर फार डाग आहेत," मेधा म्हणाली. ती पडद्यावरच्या देवळाच्या मागच्या भिंतीबद्दल बोलत होती.

"राहू देत."

"चित्र चांगलं पाहिजे ना तुम्हाला?"

तिनं डाग काढले. चुना निघाला, विटा निघाल्या, आणि भिंत निघाली. पलीकडे हे दुकान होतं. पडद्यावर ठोसरांना स्वतःचं तोंड दिसलं, कपाळाला बुक्का आणि हात टाळीसाठी उचललेले. शेजारी मेधा. मागं दीक्षितबाई. त्यांच्याही मागं, भिंतीला टेकून, हिरव्या साडीत नंदा.

आता तिच्या नाकातली चमकी दिसत होती. हनुवटीवरचा तीळ दिसत होता. फक्त डोळ्यांवर मूठभर मुंग्या राहिल्या होत्या.

"एवढ्याच राहिल्यात," मेधा म्हणाली. "अजून एकदा काढते, झालं."

ठोसरांनी पडद्यात पाहिलं. नंदाच्या मागं आता दुकानाचा उंबरा होता, आणि उंबऱ्यापलीकडे ऊन पडलेला रस्ता.

"नको. एवढं पुरे."

"काका, चेहरा म्हणाला होतात."

"डोळे राहू देत तसेच."

"बरं." मेधानं दोन्ही हात मशीनवरून उचलून मांडीवर ठेवले. तरी बुक्का पडतच राहिला.

"बंद कर ना."

"मी काहीच करत नाहीये, काका."

बुवा आख्यानात आले होते. सुदामा द्वारकेच्या दारात उभा होता, आणि द्वारपाल त्याला कुठल्या गावचा म्हणून विचारत होता. लोक हसले, देवळातलेही आणि दुकानातलेही. त्या हसण्यात ठोसरांना पाठीमागं बांगड्यांचा आवाज आला. मान वळवली की झालं. पण बुवा उभे असताना त्यांच्याकडे पाठ करणं ठोसरांना जन्मात जमलं नव्हतं. कधी मान वळलीच तर नंदाच डोळे मोठे करून त्यांना सरळ बसवायची.

ते समोर बघतच हळू आवाजात म्हणाले, "नंदा, आरती व्हायचीय अजून."

"तुम्ही ऐका," मागून ती म्हणाली. "सावकाश या. मी पुढं होते."

"थोडं थांब. सुदामा आत जाऊ दे."

"शू," दीक्षितबाई म्हणाल्या.

बुवांनी चिपळ्या उंच धरल्या. सगळ्या दुकानानं टाळी धरली, आणि ठोसरांचेही हात वाजू लागले. ते त्यांना थांबवता येईनात. टेबलावरून ओघळून बुक्का त्यांच्या मांडीवर साचत होता. पडद्यावर आता एकही मुंगी उरली नव्हती. प्रत्येकाच्या पापण्या मोजता आल्या असत्या. सगळ्यांच्या मागं, उंबऱ्यापाशी, उन्हात, नंदा पाठमोरी वाकली होती. एक चप्पल पायात होती, आणि दुसरी ती पायानंच चाचपत होती.