तबकडी दिसेनाशी होते तिथे

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या लहानशा तळ्यावर यंदा मीनाक्षीकाकू एकट्याच होडी घेऊन जात. आधी रवींद्रकाका काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायचे, दिसेनाशी झाली की "गेली!" म्हणायचे, आणि काकू पाण्यालगत दोरीला कपड्यांचा चिमटा लावायच्या. तबकडीपासून चिमट्यापर्यंतची दोरी म्हणजे पाण्याचा नितळपणा. एवढंच शास्त्र! पण काका ते कीर्तनासारखं रंगवायचे. पूर्वरंगात पोपच्या जहाजावरून समुद्रात तबकडी सोडणारा इटालियन पाद्री. उत्तररंगात सांडपाण्याने नासलेलं सिएटलचं तळं, शास्त्रज्ञांनी मापं दाखवल्यावर वळवलेली गटारं, पुन्हा नितळलेलं पाणी. तिथे काका सूर चढवायचे. मागे बसून काकू हलकेच टाळ्यांचा ठेका धरायच्या.

काका गेले. आता "गेली" काकूच म्हणत, चिमटाही त्याच लावत. धृपद झेलायला कुणी नाही.

उन्हाळ्यात तबकडी फारच लवकर दिसेनाशी होऊ लागली. तळं गढूळतंय! घरांपुढच्या हिरवळीवर टाकलेलं खत पावसात तळ्यात उतरतं; त्यावर बंदी यावी, ही काकांची शेवटपर्यंतची तळमळ. शनिवारी काकूंच्या मापांवरून रहिवाशांचं त्यावर मतदान होतं. काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

शेजारची नीना, मूळ नागपूरची, शुक्रवारी हौसेने होडीत बसली.

"गेली," काकू म्हणाल्या.

"कुठे गेली? मस्त दिसतेय की!"

"तो गॉगल काढ आधी. सावलीच्या बाजूने बघ."

"काढला. तरी दिसतेय, यार. काकू, डोळे कधी चेक केलेत?"

काकूंनी पुन्हा वाकून पाण्यात पाहिलं. हल्ली समईच्या ज्योतीभोवती कडं दिसायचं. त्यांना वाटायचं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून.

"उद्या काही बोलूच नका," नीना हळूच म्हणाली. "बंदी चांगलीच आहे ना? काकांनाही हवी होती."

"हवी होती गं. पण माझ्या मोतीबिंदूच्या जोरावर नको."

शनिवारी काकू उभ्या राहिल्या आणि आपली मापं चुकीची असल्याचं सांगून बसल्या. बंदी बारगळली. लोकांनी पाठ थोपटली, कॉफी प्यायली, गाड्या काढल्या. घरी येऊन काकूंनी काकांच्या फोटोकडे पाहिलंच नाही.

रविवारी नीना आपणहून आली. तबकडी खाली, आणखी खाली गेली.

"गेली!"

काकूंनी चिमटा लावला. केवढी लांब दोरी भिजली होती! पाणी अजून चांगलं होतं.

"त्या पाद्र्याची गोष्ट सांगा ना."

काकूंनी सुरुवात केली. सिएटलपाशी आल्या आणि थांबल्या. इथे टाळ्या त्यांच्या असायच्या. पुढचे शब्द काकांचे.