मालविकाच्या हातातली नाल

मी एक जुनी, एका बाजूने झिजलेली घोड्याची नाल आहे. माझा जन्म आयर्लंडच्या एका खेड्यातल्या लोहाराकडे झाला. तिथे एका करड्या घोडीच्या पायात राहून मी शेताच्या वाटा तुडवल्या.

मित्रांनो, झिजल्यावरही मला कुणी भंगारात टाकले नाही. आमच्या गावी भाग्य सोबत राहावे म्हणून नवरी घोड्याची नाल घेऊन चर्चला जाते. त्या शेतावरची नोरा मला घेऊन नवरी झाली, पुढे तिची सूनही. नंतर तरुण मुले शहरांत गेली आणि मी तीस वर्षे गोठ्यात गंजत पडले.

नोराचा नातू कॉरमॅक जर्मनीत, आखनला शिकत होता. तिथेच शिकणाऱ्या नाशिकच्या मालविकाशी त्याचे लग्न ठरले. आमच्या गावी झालेल्या लग्नाला तिची आई आली. बाबा, पद्माकरराव, आले नाहीत. "मला न विचारता ठरवलंस, आता माझ्याशिवाय कर," असे ते म्हणाले होते.

नोराने मला घासूनपुसून फीत बांधली. तिथे नवरीला तिचे वडील चर्चमध्ये घेऊन जातात; पायरीवर मालविकाचे पाय अडले. "पोरी, हिला घट्ट धर," असे म्हणून नोरा स्वतः, वडिलांच्या जागी, तिच्यासोबत चालू लागली. मालविकाच्या तळहातावर माझा वळ उमटला.

पुढे आखनच्या घरात त्यांनी मला दारावर लावले. तीन वर्षांनी दियाचा जन्म झाला, तेव्हा बाबा आले. ते फक्त नातीशी बोलत. चौथ्या दिवशी त्यांची नजर माझ्यावर गेली.

"नाल उलटी लावलीय. टोकं खाली हवीत."

"नाही बाबा," कॉरमॅक मोडक्या मराठीत म्हणाला, "टोकं खाली, तर नशीब सांडतं."

बाबांना हसू आवरेना. "बरं, राहू दे. पण खिळा सैल आहे. हातोडी आण."

बाबा स्टुलावर चढले, कॉरमॅकने स्टूल धरले. खिळा ठोकून झाल्यावर बाबांनी विचारले, "मालू, ही कुठली गं?"

तिने सारे सांगितले, चर्चच्या पायरीचेही. बाबा स्टुलावरून खाली उतरले. मग कॉरमॅकला म्हणाले, "आजीला फोन लाव."

"मी मालविकाचा बाप," ते अडखळत इंग्रजीत म्हणाले. "त्या दिवशी तिच्यासोबत मी चालायला हवं होतं. तुम्ही चाललात. फार उपकार झाले."

"उशिरा का होईना, या," नोरा म्हणाली. "चहा ठेवते."

पुढच्या महिन्यात बाबा नोराकडे जाणार आहेत. मला सांभाळणाऱ्या या साऱ्या हातांची मी ऋणी आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा अबोला असेल, तर आजच बोला. मी लोखंडाची, मला वाट पाहता येते. नोरा मात्र नव्वदीची आहे.